किड्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: एवढ्याशा जिवाला हे सगळं जमतं कसं?

किडे बघायचा नाद लागून बरीच वर्षं झाली आणि तेवढ्या वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की शेवटी म्हटलं एका जागी लिहूनच ठेवू. सुरू करायच्या आधी एक सांगतो. किड्यांचं काही अजब ऐकलं की आपण लगेच म्हणतो "एवढासा जीव आणि हे कसं जमतं", पण मला उलटं वाटतं, एवढासा आहे म्हणूनच जमतं. त्या मापात जग वेगळंच असतं. उंचावरून पडलं तरी लागत नाही, पाण्याचा थेंब गोंदासारखा धरून ठेवतो, आणि साधं ऊन थोड्या वेळात सुकवून मारू शकतं. हे डोक्यात ठेवून वाचलंत तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतील.

किडा नक्की कोणाला म्हणायचं? कोळी, गोम, विंचू हे किडेच ना?

नाही. सहा पाय आणि शरीराचे तीन भाग, डोकं, छाती, पोट, असं असेल तर कीटक. कोळ्याला आणि विंचवाला आठ पाय, गोमेला तर मोजत बसावं एवढे. मग अळीचं काय, तिला तर जास्त पाय दिसतात? अळीचे खरे पाय पुढचे सहाच, मागचे ते मऊ गुबगुबीत असतात ते नुसते धरायला, फुलपाखरू झालं की ते जातात. आत्तापर्यंत नाव दिलेल्या कीटकांच्या जातीच १० लाखांच्या आसपास आहेत, आणि नाव न दिलेल्या त्याहून कितीतरी जास्त असणार.

मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते. ती माणसाएवढी असती तर ट्रक उचलला असता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर असं की माणसाएवढी मुंगी ट्रक सोडा, स्वतःच्या पायावर उभीसुद्धा राहिली नसती. लांबी दुप्पट केली तर स्नायूच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ, म्हणजे ताकद, चौपट होते, पण वजन आठपट होतं. आकार वाढवत जाल तसं वजन ताकदीच्या पुढे पळत जातं. उलट लहान होत गेलं की ताकद वजनापुढे निघून जाते. मुंगीच्या स्नायूत काही जादू नाही, ती फक्त लहान आहे.

दुसरी अडचण श्वासाची. किड्यांना फुप्फुसं नसतात, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि तिथून नळ्यांचं जाळं थेट आतल्या पेशींपर्यंत गेलेलं असतं, रक्तातून ऑक्सिजन न्यायची भानगडच नाही. छोट्या शरीरात हे झकास चालतं, मोठ्यात नळ्यांनाच जागा पुरणार नाही. ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा नावाचा चतुरासारखा एक कीटक होता, पंखांचा पसारा साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता आणि बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते एवढं वाढायला त्याची मदत झाली.

पिसू एवढी उंच कशी उडी मारते?

नुसत्या स्नायूने नाही. स्नायू कितीही जोरात आवळला तरी त्या वेगाला पुरत नाही, म्हणून पिसू आधी हळूहळू एनर्जी साठवते. पायाच्या बुडाशी रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रोटीन असतं, ते दाबून ठेवायचं, खटका लावायचा आणि मग एकदम सोडायचं. गलोल ताणून सोडतो ना, तसंच.

पण उडीत पिसवेला मागे टाकणारा एक छोटा किडा आहे, झाडाचा रस पिणारा, त्याची पिल्लं फेसात बसलेली असतात. ६ मिलिमीटरचा किडा ७० सेंटीमीटर उडतो. हे केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी २००३ मध्ये मोजलं. त्यांचंच २०१३ मधलं काम तर मला आजही थक्क करतं. इस्सस नावाच्या अशाच एका उड्या मारणाऱ्या किड्याच्या पिल्लाच्या मागच्या दोन पायांच्या बुडाशी चक्क गिअर असतात. दात असलेले, एकमेकात अडकणारे. उडी मारताना एक पाय जरा जरी आधी सुटला तरी किडा गिरकी खात भलतीकडे जाईल, आणि एवढ्या वेगात दोन्ही पाय एकदम सोडायला नसांचा सिग्नल पुरा पडत नाही. म्हणून गिअर. आणि मोठा होताना शेवटची कात टाकली की हे गिअर नाहीसे होतात. पिल्लू कात टाकत राहतं म्हणून दात मोडला तरी पुढच्या वेळी नवा येतो, मोठ्याला ती सोय नसते, कदाचित म्हणूनच मोठ्याने दुसरी पद्धत धरली असावी.

वेगाचंच निघालंय तर, ड्रॅक्युला मुंगी म्हणून एक जात आहे, ती आपले दोन जबडे टोकाला टोक लावून दाबते आणि मग एक सटकन निसटू देते, आपण चुटकी वाजवतो अगदी तसं. २०१८ मध्ये मोजला तेव्हा वेग निघाला सेकंदाला ९० मीटर, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरच्या वर.

माशी मारायला गेलं की तिला आधीच कसं कळतं?

तिच्यासाठी आपला हात स्लो मोशनमध्ये येत असतो. आपल्या डोळ्याला सेकंदाला साठेक चित्रांच्या पुढे सगळं सलग दिसायला लागतं, माशीला अडीचशेच्या आसपाससुद्धा वेगळं दिसतं. शिवाय २००८ मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने बघितलं तेव्हा कळलं की उडायच्या आधीच, सेकंदाच्या दहाव्या भागात, ती धोका कुठून येतोय ते बघून पाय अशा जागी नेते की उडी बरोब्बर विरुद्ध बाजूला बसेल. म्हणजे घाबरून उडत नाही, तयारी करून उडते.

आणि ती सारखी हात चोळते ते का, हेही विचारतात. माशीला चव पायाने कळते. पाय घाण असले तर चवच कळणार नाही, म्हणून साफ करत बसते.

दिव्याभोवती पतंग का फिरतात? चंद्र समजून ना?

बरीच वर्षं असंच सांगायचे. कोणी म्हणायचं चंद्र समजतात, कोणी म्हणायचं उष्णतेकडे ओढले जातात. २०२४ मध्ये एक अभ्यास आला, लॅबमध्ये आणि कोस्टा रिकाच्या जंगलात हायस्पीड कॅमेरे लावून केलेला, आणि त्यात दिसलं ते फार साधं होतं. पतंग दिव्याकडे जातच नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात.

आता त्यांच्या मापात जाऊन बघा. उडताना वर कुठे आणि खाली कुठे हे कळायला आपल्यासारखं गुरुत्वाकर्षण त्यांना भरवशाचं नाही, कारण वळताना, गिरकी घेताना एवढ्या हलक्या अंगावर दुसरेच जोर लागत असतात. पण करोडो वर्षं एक गोष्ट पक्की होती, रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. म्हणून नियम सोपा, उजेड पाठीकडे ठेव, म्हणजे तू सरळ आहेस. मग माणसाने दिवा लावला. दिवा बाजूला असला की पतंग त्याच्याकडे पाठ करायला कलतो, कलला की वळतो, वळला की परत पाठ करतो, आणि असा तो गोल गोल अडकतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होतो आणि खाली आपटतो. पुढच्या वेळी रात्री दिव्याखाली बसलात तर नुसती गर्दी बघू नका, एकच पतंग धरा आणि त्याच्या पाठीकडे बघत रहा, दोन मिनिटांत दिसेल. सगळेच असं करत नाहीत, कण्हेरीवर वाढणारा हिरवा मोठा पतंग त्या अभ्यासात दिव्याला फारसा भुलला नाही.

गरज नसेल तेव्हा बाहेरचा दिवा बंद करा एवढं मात्र मनापासून सांगेन. रात्रभर फिरून दमलेले जीव सकाळी तिथेच मरून पडलेले असतात आणि ते बघवत नाही.

मुंगीला परत घर कसं सापडतं?

आपल्याला दिसतात त्या रांगा वासाच्या असतात, पुढची मुंगी पोट टेकवत वास सोडत जाते आणि मागच्या त्यावरून चालतात. बोटाने रेघ पुसली की दोन्ही बाजूच्या मुंग्या गोंधळून थांबतात, हे सगळ्यांनी लहानपणी केलेलं असतं.

पण वाळवंटात वास टिकत नाही. सहारातल्या मुंग्या खाणं शोधायला वेड्यावाकड्या भटकतात आणि सापडलं की सरळ रेषेत घरी. दिशा सूर्यावरून कळते हे आधीपासून माहीत होतं, अंतराचं कोडं २००६ मध्ये सुटलं आणि ते सोडवायची आयडिया इतकी सुंदर आहे की मी ती ऐकेल त्याला सांगतो. शास्त्रज्ञांनी मुंग्यांना बिळापासून १० मीटरवर खाऊ ठेवून तिथपर्यंत चालू दिलं. मग काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय उंच केले आणि काहींचे पाय खालून कापून आखूड केले, आणि घरी सोडलं. उंच पायवाल्या घराच्या पुढे निघून गेल्या, १५ मीटरच्या आसपास जाऊन बीळ शोधायला लागल्या. आखूड पायवाल्या जेमतेम ६ मीटरवर थांबून शोधायला लागल्या. म्हणजे मुंगी पावलं मोजत होती! पावलं तेवढीच टाकली पण पाऊलच बदललं होतं. मग त्यांना त्याच बदललेल्या पायांनी बिळातून जाऊ-येऊ दिलं तेव्हा बरोबर घरी पोचल्या.

शेणाचे गोळे ढकलणारे भुंगेही असेच. गोळा केला की दुसऱ्या भुंग्याने चोरायच्या आत सरळ रेषेत पळायचं असतं, तर तो आधी गोळ्यावर चढून गोल फिरतो, आकाश बघून घेतो आणि मग निघतो. चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा तो सरळ जातो, तेव्हा त्यांना प्लॅनेटेरियममध्ये नेलं, काहींच्या डोक्यावर छोट्या पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या, आणि २०१३ मध्ये सांगितलं की ते आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात. टोपीवाले भरकटले.

मधमाश्या नाचून पत्ता सांगतात हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हे शोधल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं.

माशी चांगली फुलं बघून पोळ्यात येते आणि उभ्या पोळ्यावर एक सरळ रेघ पोट थरथरवत चालते, मग अर्धगोल फिरून परत सुरुवातीला, परत तीच रेघ, मग दुसऱ्या बाजूने अर्धगोल. सगळा पत्ता त्या रेघेत असतो. रेघ सरळ वर असेल तर सूर्याच्या दिशेने जा, वरपासून ४० अंश उजवीकडे असेल तर सूर्याच्या ४० अंश उजवीकडे. थरथर जेवढा वेळ तेवढं अंतर, ढोबळमानाने एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर. आणि आत अंधार असतो हे विसरू नका, बाकीच्या माश्या बघत नाहीत, तिच्या अंगाला मिशा लावून मागे मागे चालत समजून घेतात. बराच वेळ नाचत राहिली तर बाहेर सूर्य सरकलेला असतो, तर ती न बघताच रेघेचा कोन बदलत जाते.

मला स्वतःला २०२३ चा शोध जास्त आवडतो. तोपर्यंत वाटायचं नाच जन्मजात येतो. मग अशा वसाहती केल्या ज्यात सगळ्याच माश्या नवख्या, अनुभवी नाचणारी एकही नाही. त्या नाचल्या, पण कोन चुकले, अंतर चुकलं. सरावाने कोन सुधारला, अंतराची चूक मात्र आयुष्यभर राहिली. ज्यांना आधी जुन्या माश्यांच्या मागे फिरायला मिळालं होतं त्या पहिल्यापासून नीट नाचल्या. म्हणजे मधमाशीसुद्धा थोरल्यांकडून शिकते.

मधमाश्या गांधीलमाशीला भाजून मारतात म्हणे?

हो, जपानी मधमाश्या. राक्षसी गांधीलमाशी पोळ्यात शिरली की शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडतात आणि एक घट्ट गोळा करून पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता तयार करतात. आतलं टेम्परेचर ४६ डिग्रीच्या आसपास जातं. गांधीलमाशी तेवढ्यात मरते, मधमाशी त्याहून दोन-तीन डिग्री जास्त सोसू शकते. सगळी लढाई त्या दोन-तीन डिग्रीवर.

अंगातून उकळतं पाणी फेकणारा भुंगा खरंच असतो का?

बॉम्बार्डियर भुंगा. पोटात दोन केमिकल वेगळी ठेवलेली असतात, हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. कोणी धरलं की ती जाड भिंतीच्या दुसऱ्या खोलीत जातात, तिथे एन्झाइम असतात, स्फोट होतो आणि जवळजवळ १०० डिग्रीचा फवारा बाहेर पडतो. सलग धार नाही, सेकंदाला ५०० च्या आसपास छोटे छोटे स्फोट, दोन स्फोटांमध्ये भिंतीला गार व्हायला जरा उसंत मिळते म्हणून भुंगा स्वतः शिजत नाही. २०१८ मध्ये जपानमध्ये बेडकांना हे भुंगे खायला दिले. गिळल्यावर पोटातून स्फोटाचा आवाज आला आणि ४३ टक्के बेडकांनी भुंगा ओकून टाकला, १२ मिनिटांपासून १०७ मिनिटांपर्यंत कधीही. बाहेर आलेले सगळे भुंगे जिवंत होते.

झॉम्बी मुंगी ही नुसती अफवा आहे का?

अफवा नाही. ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी आहे. तिचे बीजाणू मुंगीच्या अंगातून आत जातात, काही दिवस मुंगी नॉर्मल वागते, मग एक दिवस ती घर सोडते, चालताना झटके येतात, झाडावरून खाली पडते, आणि शेवटी जमिनीपासून थोड्याच उंचीवर एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला जाऊन मधल्या शिरेला चावते. तो चावा सुटत नाही कारण जबड्याचे स्नायू बुरशीने खाल्लेले असतात. मुंगी तिथेच मरते आणि काही दिवसांनी तिच्या मानेतून एक दांडी उगवते, त्यातून बीजाणू खालून जाणाऱ्या मुंग्यांवर पडतात. ती उंची का, तर बुरशीला लागणारा ओलावा आणि गारवा तिथे मिळतो.

यातला अंगावर काटा आणणारा भाग २०१७ मध्ये कळला. बुरशी मेंदूत शिरतच नाही. मेंदूच्या बाहेर राहते, पण अंगभर स्नायूंच्या भोवती एकमेकींना जोडलेल्या धाग्यांचं जाळं करते. आणि हे आजचं नाही, जर्मनीत मेसेल इथे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचं पानाचं जीवाश्म सापडलंय, त्याच्या शिरेवर अगदी अशाच चाव्याच्या खुणा आहेत.

याच्याच जोडीला गांधीलमाशीच्या जातकुळीतली एक हिरवी चकचकीत माशी आहे, झुरळाची शिकारी. पहिला डंख छातीत, त्याने पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात, म्हणजे दुसरा डंख निवांत देता येतो. दुसरा डोक्यात, मेंदूच्या एका ठरावीक भागात. झुरळ लुळं पडत नाही, त्याला चालता येतं, फक्त स्वतःहून चालायची इच्छा जाते. मग ती त्याच्या मिशा अर्ध्या तोडते आणि उरलेली मिशी धरून त्याला दावणीच्या जनावरासारखी बिळात घेऊन जाते, अंडं घालते, बिळाचं तोंड बुजवते. क्रूर वाटतं मान्य, पण मेंदूत नेमकं कुठे टोचलं की फक्त "स्वतःहून चालणं" बंद होतं हे त्या माशीला आपल्या आधी करोडो वर्षं येतंय.

कोषात अळीचं नक्की काय होतं? विरघळते का?

बरीचशी, पूर्ण नाही. अळीचे बरेच स्नायू, पचनाचे भाग मोडले जातात आणि त्या मालातून नवीन बनतं. पण पंख, पाय, डोळे यांच्या पेशींच्या छोट्या चकत्या अळीच्या अंगात पहिल्यापासून गप्प बसून असतात, कोषात त्यांची वाढ होते. श्वासाच्या नळ्याही बऱ्याचशा टिकतात.

मेंदूही बराच बदलतो, पण २००८ मध्ये एक प्रयोग झाला. तंबाखूवरच्या मोठ्या अळ्यांना एक वास आणि बरोबर हलका शॉक देऊन शिकवलं की हा वास वाईट. त्यातून निघालेल्या पतंगांनीही तो वास टाळला, पण अळी शेवटच्या टप्प्यात असताना शिकली असेल तरच. म्हणजे अंग सगळं मोडून नवीन झालं तरी एक आठवण पलीकडे गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

किड्यांना आईबापांची माया असते का?

बहुतेक अंडी घालून निघून जातात. पण काही राहतात. शेपटीकडे चिमटा असलेल्या इअरविग नावाच्या किड्याची आई अंड्यांवर बसून असते, एकेक अंडं उचलून चाटते नाहीतर बुरशी धरते. पाण्यातल्या एका मोठ्या ढेकणात तर हे काम बापाचं, मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवते आणि तो ती फुटेपर्यंत पाठीवर घेऊन हिंडतो, मधून मधून हवा लागावी म्हणून पाण्याच्या वर येतो. आणि मावा याच्या अगदी उलट, त्याला नरच लागत नाही बराच काळ, मादी थेट पिल्लांना जन्म देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच वाढायला लागलेली असतात, म्हणून तर कालपर्यंत स्वच्छ असलेली फांदी चार दिवसांत भरते.

मुंग्या एकमेकींवर उपचार करतात ही बातमी खरी का?

खरी. २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका सुतार मुंगीबद्दल आलं होतं. पाय मांडीत जखमी झाला तर मैत्रीण जखम चाटते, मग चावत चावत पूर्ण पाय मुळापासून तोडून टाकते, याला ४० मिनिटं तरी लागतात, आणि जखमी मुंगी शांत बसून करून घेते. उपचाराशिवाय ४० टक्क्यांपेक्षा कमी जगतात, पाय तोडल्यावर ९० टक्क्यांच्या वर. पण जखम खाली नडगीत असेल तर पाय तोडत नाहीत, नुसतं चाटून साफ करतात. का? मांडीत जे स्नायू असतात ते रक्त पुढे ढकलायचं काम करतात, तेच जखमी झाले की रक्त मंदावतं, जंतू हळू पसरतात, तोडायला वेळ मिळतो. नडगीत तसे स्नायू नाहीत, जंतू लगेच आत जातात, तोडेपर्यंत उशीर झालेला असतो. मुंगीला यातलं काही "माहीत" असेल असं मी म्हणत नाही, पण वागणं मात्र बरोबर तसं घडत गेलंय.

पाणी नसलं किंवा बर्फ असला तर किडे मरतात ना?

बहुतेक मरतात. पण आफ्रिकेत खडकावरच्या डबक्यांत राहणारी एक अळी आहे, डबकं आटलं की ती पण आटते, अंगात ३ टक्केच पाणी उरतं. पाण्याच्या जागी ट्रेहॅलोज नावाची साखर भरते आणि ती काचेसारखी घट्ट होऊन पेशी जागच्या जागी धरून ठेवते. अशी सुकी अळी १७ वर्षांनी पाण्यात टाकल्यावर जिवंत झाल्याची नोंद आहे, उणे २७० डिग्रीतही टिकली. दुसऱ्या टोकाला अंटार्क्टिकात बिनपंखांची एक चिमुकली माशी राहते, तिथला मूळ रहिवासी असलेला एकमेव कीटक, तिची अळी दोन हिवाळे गोठून काढते आणि मोठी झाल्यावर जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगते. नामिब वाळवंटातला एक काळा भुंगा धुकं आलं की टेकाडाच्या माथ्यावर डोकं खाली करून उभा राहतो, पाठीवर थेंब जमतात, घरंगळत तोंडात येतात.

साधा नाकतोडा आणि टोळधाडीतला टोळ वेगवेगळे का?

सगळे नाकतोडे टोळ होत नाहीत. पण ज्या जाती होतात त्यांच्यात एकट्याने राहणारा हिरवट-करडा किडा आणि थव्यातला पिवळा-काळा किडा हे एकाच जातीचे असतात, हे १९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी सांगितलं, त्याआधी लोक दोन जाती समजायचे. एकटा टोळ दुसऱ्याला टाळतो. पाऊस पडून पिल्लं वाढली, मग खाणं कमी होऊन सगळे थोड्या हिरव्या जागेत दाटले की मागच्या पायांना सारखे धक्के लागतात, आणि तेवढ्याने शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. दोन तासांत एकलकोंडा टोळ दुसऱ्यांकडे ओढला जायला लागतो. रंग नंतर बदलतो, स्वभाव आधी.

किडे खेळतात का?

२०२२ मध्ये लंडनमध्ये भुंग्यासारख्या केसाळ मधमाश्यांना, बंबलबीजना, छोटे लाकडी गोळे ठेवले होते. खाणं दुसरीकडे होतं, गोळ्याचं बक्षीस काही नाही, तरी त्या परत परत येऊन गोळे ढकलत होत्या, आणि लहान वयाच्या जास्त. याला खेळ म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी म्हणतो.

एवढं सगळं परदेशातल्या लॅबमधलं. मला घरबसल्या काय बघता येईल?

कुंभारीण माशी. खिडकीच्या चौकटीत, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं छोटं गोल मडकं दिसलं तर पाडू नका. ती तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन येते, पुढच्या पायांनी पट्टीसारखी पसरवते आणि मिशांनी आतून-बाहेरून चाचपत जाडी सारखी ठेवते, असे बरेच फेरे, आणि शेवटी मडक्याला बाहेर वळलेला गळासुद्धा काढते. मग पोट आत घालून छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. नंतर लुळ्या केलेल्या हिरव्या अळ्या आणून कोंबते, मेलेल्या नाहीत, लुळ्या, म्हणजे पिल्लाला ताजं मिळेल. अंडं टांगलेलं का, तर खालच्या अळ्या वळवळल्या तरी चिरडू नये. मग तोंड बुजवते आणि जाते, परत बघायला येत नाही.

माझ्या खिडकीत एकीने शेजारी शेजारी दोन मडकी केली. मी रोज सकाळी बघत होतो. ती तिसऱ्या अळीला गेली तेव्हा निळसर हिरवी, काचेसारखी चमकणारी एक छोटी माशी आली, उघड्या मडक्यात पोट घालून क्षणभर थांबली आणि गेली. तेव्हा काही कळलं नाही. काही आठवड्यांनी पहिल्या मडक्याला बाजूने भोक पडलं आणि आतून कुंभारीण नाही, तीच हिरवी चमकणारी माशी निघाली, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात घालते तसं तिच्या आईने त्या दिवशी आपलं अंडं आत ठेवलं होतं. दुसऱ्या मडक्याला अजून भोक पडलेलं नाही.